वीस महिन्यांचा मुलगा, हाकेला वळत नाही. कुठे दाखवू? (देवगड)

पडवीतली: मुलगा २० महिन्यांचा. 'मामा', 'भूभू' म्हणायचा, ते हल्ली बंदच झालंय. नावाने हाक मारली तर ढिम्म. पण पाववाल्याचा भोंगा वाजला की पडवीत धावतो, म्हणजे ऐकू येत असावं. खाऊ हवा तर बोट दाखवत नाही, माझं मनगट धरून डब्यावर नेऊन ठेवतो. सासूबाई म्हणतात, "ह्येचो बापूस तीन वर्सांचो होयसर बोलाक नाय." इथले डॉक्टरही थांबा म्हणाले. थांबू का? ओरोस की थेट मुंबई?

सड्यावरची: थांबू नका. बोलायला उशीर बऱ्याच मुलांना होतो, पण आलेले शब्द गेले तर वय कुठलंही असो, तपासायचंच. शब्दांपेक्षा मी बोटाकडे बघेन. हवं म्हणून बोट करणं वेगळं आणि "बघ, होडी!" म्हणून नुसतं दाखवणं वेगळं. दाखवणारं मूल होडीकडे बघून लगेच आईच्या तोंडाकडे बघतं. हे दीड वर्षापर्यंत यायला हवं. ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका आहे का ते बघायला एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची हो/नाही यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

कुडाळची ताई: अंगणवाडीत आरबीएसकेचं (मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीचं) पथक येतं, पण त्याची वाट बघत बसू नका. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, डीईआयसीबद्दल (मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं जिल्ह्याचं केंद्र) तिथेच विचारा. आणि कानाची बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते यंत्राने बघतात) आधी. भोंगा ऐकू येतो म्हणजे बोलण्यातले बारीक आवाजही येतात असं नाही. तिथे सोय नसेल तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

जेटीवाला: मोबाईल बंद करा, आपोआप बोलेल. शेजाऱ्यांचा पोर तसाच सुधारला.

सड्यावरची: मोबाईल कमी कराच हो, पण "आधी मोबाईल बंद करून बघू" यात महिने जातात. आणि कोणी लसीवर घसरायच्या आधी सांगते, लसीने ऑटिझम होत नाही, राहिलेले डोस द्या. पडवीतली, घरी त्याचे व्हिडिओ काढून ठेवा: हाक मारताना, खेळताना, खाऊ मागताना. दवाखान्यात मूल नुसतं रडतं, डॉक्टरांना काही दिसत नाही. स्पीच थेरपी निदानाचा कागद हातात येण्याआधीही सुरू करता येते.

पडवीतली: सोमवारी ओरोसला जातोय. बेराला झोपवावं लागतं का?

कुडाळची ताई: हो, एवढ्या लहानांची झोपेतच करतात. त्याच दिवशी होईल का ते आधी फोन करून विचारा. होणार असेल तर पहाटे उठवा आणि गाडीत अजिबात झोपू देऊ नका.