शब्दचर्चा: टाके, टाकी, हौद की पोढी?

घाटवाटकर
वैशाखरे ते नाणेघाट, घाटघरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी जुन्नरची लेणी, अशा सावकाश चालीसाठी एकपानी मराठी पत्रकाचे काम चालू आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे. दोन शंका आहेत. एक, शीर्षकात 'स्लो ट्रॅव्हल'ला काय म्हणावे? 'संथ पर्यटन' अगदी सरकारी वाटते. दोन, "गुहेजवळ टाकी आहेत, उन्हाळ्यात त्यांवर विसंबू नये" हे वाक्य तपासणाऱ्याने खोडले. त्याच्या मते 'टाकी' गच्चीवर असते, कातळात असतो तो 'हौद'. लहानपणापासून कानावर आहे ते टाके. बरोबर काय?

कोशकीटक
हौद बांधतात, टाके कोरतात. हौदाला चिरे, चुना, भिंती लागतात आणि बहुधा तो उघडा असतो. टाके अख्ख्या कातळातून खोदून काढलेले असते, त्यात सांधा नसतो. तेव्हा नाणेघाटात 'हौद' हा शब्द चूकच. शब्द नपुंसकलिंगी आहे: ते टाके, ती टाकी. तुमच्या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही.

सह्यकडा
व्याकरणाचा नसेल, वाचणाऱ्याचा गोंधळ मात्र होतो. पहिल्यांदा येणारा माणूस 'टाकी' वाचून काळी प्लास्टिकची किंवा सिमेंटची टाकी शोधतो. टाक्याचे तोंड जमिनीलगत असते, बरेचदा गवताने झाकलेले. दहा पावलांवरून ते दिसत नाही. पाण्याच्या बाबतीत असा गोंधळ परवडत नाही, शब्द कितीही शुद्ध असो.

कोशकीटक
मग विभक्तीकडे लक्ष द्या, ती फरक दाखवते. 'टाक्यात' म्हणजे एका टाक्यात, 'टाक्यांत' म्हणजे अनेक टाक्यांत, आणि 'टाकीत' म्हणजे ती गच्चीवरची. अनेकवचनात 'दोन टाकी' कातळातली, 'दोन टाक्या' गच्चीवरच्या. हल्ली 'गडावर तीन टाक्या आहेत' असे लिहिलेले सर्रास दिसते. ते दुरुस्त व्हायला हवे.

रानवाट
दुरुस्त का? 'लेणे'चेही तेच झाले. ते लेणे, ती लेणी. आता लोक 'ही लेणी पाहिली, त्या लेण्या राहिल्या' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळते. नपुंसकलिंगी अनेकवचन ईकारान्त असले की ते स्त्रीलिंगी एकवचन वाटू लागते. भाषा अशीच सरकते.

कोशकीटक
सरकत असती तर सगळीकडे सरकली असती. 'नाणे, नाणी' घ्या. 'एक नाणी' कोणी म्हणते का? 'अंडे, अंडी'? रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंचे लिंग टिकले. लेणी आणि टाकी आपण घोळक्याने पाहतो, एकेकटे लेणे पाहायला थांबत नाही, म्हणून एकवचन विसरले गेले. लेण्याद्री हे नावच पाहा. लेणी + अद्री असता तर संधीने 'लेण्यद्री' झाले असते. 'लेण्या' हे लेणेचे सामान्यरूप त्यात शाबूत आहे.

त्रिरश्मी
संस्कृत संधी आणि मराठी सामान्यरूप एकाच नावात जोडणे ओढूनताणून वाटते. पण लेणे नपुंसकलिंगी हे मान्य. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात "इदं लेणं कारितं इमा च पोढियो" असे शब्द आहेत. लेणे केले आणि या पोढी केल्या. पोढी म्हणजेच टाके. नाणेघाटातल्या एका टाक्यावरही सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी असा लेख आहे. तेव्हा पत्रकात 'पोढी' लिहा. त्या जागेचा स्वतःचा शब्द आहे, सुमारे दोन हजार वर्षे तिथे कोरलेला आहे.

सह्यकडा
तो शब्द आज कोणाच्या तोंडी आहे? घाटघरमध्ये पोढी कुठे म्हणून विचारले तर काय उत्तर मिळणार?

त्रिरश्मी
कंसात 'टाके' लिहा, प्रश्न मिटला. सावकाश चालणाऱ्याला थांबून वाचायला काहीतरी हवेच ना. शिवाय तो शब्द 'पाणपोई'त जिवंत आहे असे वाटते.

कोशकीटक
पोई संस्कृत 'प्रपा'वरून येते. 'प्रपा'तून पोढीतला ढ कसा येईल? नुसत्या ध्वनिसाम्यावर नाते जुळवू नये. टाके मात्र 'टंक'शी जोडता येते. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आपली टाकी. टाकीने कोरले ते टाके. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हे शब्द 'टांकें', 'टांकी' असे अनुस्वारासकट आहेत.

रानवाट
टंक म्हणजे नाणेही. टांकसाळ त्यातूनच. म्हणजे नाणेघाटात नाणी टाकायचा रांजण आणि शेजारी टाके, दोन्ही एकाच मुळाचे!

त्रिरश्मी
इथे थांबा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता ही लोकप्रिय समजूत आहे. गुहेतल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती आणि 'काहापण'. नाण्याला तिथे काहापण म्हटले आहे, नाणे नाही. घाटाचे नाव आणि रांजण यांची सांगड लेखातून निघत नाही. पत्रकात 'जकातीचा रांजण म्हणतात' इतकेच लिहावे.

घाटवाटकर
ते बदलले. पण पाण्याबद्दल नेमके काय लिहायचे? आणि शीर्षक?

सह्यकडा
पाण्याचे असे लिहा. माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाचा फलक आहे, तिथे एसटी सोडून चालायला लागायचे. वर पोचायला नेहमीच्या चालीने दोन ते तीन तास, थांबत गेल्यास चार. चढ सुरू झाल्यावर मधे भरवशाचे पाणी नाही, म्हणून खालूनच माणशी तीन लिटर घ्यावे. टाकी गुहेच्या आसपास आहेत. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे ठेवतात, म्हणजे ऊन कमी लागते आणि पाणी कमी उडते. छत मोठे असले तर आत कातळाचेच खांब सोडतात, त्याला खांबटाके म्हणायचे. पाणी गढूळ होते ते वरून येणाऱ्या पन्हळीत माती साचल्यामुळे. पन्हळ बुजली की पावसाचे पाणी बाजूने निघून जाते आणि टाके भरत नाही. टाक्यात उतरू नये, पाय बुडवू नये, दोरीला भांडे बांधून वरचे पाणी शेंदावे, चौपदरी फडक्यातून गाळून उकळावे. नुसते गाळून भागत नाही, गाळाबरोबर जंतू जात नाहीत. पावसाळ्यात वरच्या टप्प्यातले घडीव दगड शेवाळतात. तिथे उतरताना घसरायला होते, चढताना तितके नाही.

कोशकीटक
उत्तम. फक्त 'खांबटाके' एकच शब्द लिहा, तोडू नका. पहिल्या उल्लेखाला 'कातळात कोरलेले पाण्याचे टाके' असे पूर्ण लिहा, पुढे नुसते टाके.

रानवाट
आणि वाचणाऱ्यांनी 'टाकी' म्हटले तर चालू द्या.

कोशकीटक
बोलण्यात चालू द्या. छापताना नाही.

त्रिरश्मी
टाक्यांचे झाले असेल तर दुसऱ्या दिवसाचा मजकूर पाहा. तुळजा लेण्यांबद्दल 'बारा खांबांचा गोल चैत्य' लिहिले आहे. चैत्य म्हणजे मधला स्तूप. भोवतीच्या बारा अष्टकोनी खांबांसकट सगळ्या दालनाला चैत्यगृह म्हणावे. जुन्या लेखांत 'चेतियघर' आहे.

सह्यकडा
सगळे वाटाडे दालनालाच चैत्य म्हणतात.

त्रिरश्मी
मग स्तूपाला ते काय म्हणतात, ते सांगा.