किसून पुन्हा वितळवलेला घरचा साबण ओबडधोबड झालाय, सल्ला हवा

पेडण्याची_सून: खोबरेल-एरंडेलाचा साबण केला होता. तेल वर तरंगलं म्हणून किसून, पाणी घालून पुन्हा वितळवला. फेस छान येतो, पण दिसतो शिळ्या उपम्यासारखा. आत पोकळ्या, कडा भुरभुरीत. चवथीला माहेरी द्यायचाय. ३०० रुपयांच्या आत काय करता येईल?

उसगावकर: सिलिकॉनचा साचा, लाकडी पेटी आणि तारेचा कटर घ्या. माझा संच ३,५०० ला पडला. वड्या बघून लोक विचारतात, कुठल्या दुकानातून आणल्या! संध्याकाळी फोटो टाकतो.

फोंड्याची_वहिनी: अहो, तिने ३०० म्हटलंय. बाये, पुढच्या वेळी पाणी कमी घाल. जास्त पाण्याने काम सोपं होतं खरं, पण वाळताना वडी आक्रसते, वाकडी होते. अर्ध्या किलो किसाला चार-पाच चमचे पुरे. झाकण ठेवून, दुहेरी भांड्यात, मंद आचेवर. शेवटी चमचाभर घोटलेलं दही घाल, मिश्रण सैल होतं.

दर्यावर्दी: साबणात दही? आमच्याकडे कढीत घालतात. त्यापेक्षा हळद घाला, छान पिवळा होईल.

फोंड्याची_वहिनी: साबणातल्या अल्कलीत हळद तांबडी होते. घालून बघा आणि मग पिवळा शोधत बसा.

भाटकार: खोबरेलाचा भाव बघितलात का? आणि लोक त्याचे साबण करतात! आमच्या भाटातल्या नारळांवर माकडं ताव मारतात ते वेगळंच.

दर्यावर्दी: माकडांचा वेगळा धागा काढा.

लॅबवाला: ॲल्युमिनियमचा टोप अजिबात नको. साबणात कास्टिक सोडा शिल्लक असेल तर त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. स्टीलचाच घ्या. तेलाच्या वजनाच्या ३ टक्के सोडियम लॅक्टेट घातलं की वडी कडक होते, साच्यातून सुटी निघते. गरम असतानाच थोडं थोडं भरून दाबा आणि साचा ओट्यावर आपटा, पोकळ्या बऱ्याच कमी होतात.

सत्तरीकर: पाणी कमी घाला आणि साचा आपटा.

फोंड्याची_वहिनी: वर तेच लिहिलंय ना?

सत्तरीकर: लिहिलंय, पण मी करून बघितलंय.

काणकोणची_माई: झालेल्या वड्यांचंही बघा की कोणीतरी. बटाटे सोलायच्या पीलरने कडा तास, मग ओल्या तळव्याने गुळगुळीत कर. सध्या पावसात साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वड्यांना घाम फुटतो. पंख्याखाली जाळीवर ठेव, डब्यात कोंडू नकोस. कागदात गुंडाळायच्या त्या पूर्ण वाळल्यावरच.

उसगावकर: फोटो टाकले. कोणी बघितले का?

पेडण्याची_सून: सगळ्यांना देव बरें करूं. पुन्हा वितळवत नाही, तासतही नाही. परसात घोसाळी वाळलीत. त्यांचे तुकडे कापून आत साबण कोंबते, तोंडं सुतळीने बांधते. साबणही तोच, घासणीही तीच. ३०० रुपये वाचले.

काणकोणची_माई: वापरून झाल्यावर टांगून वाळवायला सांग, नाहीतर कुबट वास येतो.

उसगावकर: कटर हवा असेल तर नेऊ शकता. पण परत आणून द्या.