मेरुरज्जूभोवतीच्या द्रवाचा 'प्रवाह' म्हणावे की 'येजा'?

प्रश्न : माझ्या आत्याच्या मानेचा एमआरआय नुकताच झाला. त्यात मेरुरज्जूभोवतीच्या (कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोरीभोवतीच्या) द्रवाच्या हालचालीचीही खास तपासणी होती. 'मणक्यातल्या पाण्याचा प्रवाह पाहिला' असे मी तिला सांगितले, तेव्हा ती घाबरून "पाठीत पाणी कधीपासून झालं?" असे विचारू लागली. तिचे सारे आयुष्य भाट्याच्या खाडीकाठी गेले आहे. तिला समजेल आणि शास्त्रालाही सोडून नसेल, असा शब्द कृपया सुचवावा.

उत्तर : आत्याबाईंची भीती रास्त आहे, कारण आपल्या बोलीत छातीत, पोटात किंवा गुडघ्यात 'पाणी झाले' म्हणजे आजार झाला असाच अर्थ होतो. हा द्रव मात्र निरोगी माणसातही असतो. प्रौढ शरीरात तो सुमारे १५० मिलिलिटर असतो, आणि दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर नव्याने तयार होऊन तेवढाच रक्तात शोषला जातो. म्हणून 'पाणी' टाळावे. लिहिताना 'मस्तिष्कमेरुद्रव' म्हणावे आणि घरी बोलताना 'मेंदू आणि कण्याभोवतीचा द्रव' एवढे पुरे. 'मज्जारज्जू' हा शब्दही रूढ आहे, परंतु त्यातील 'मज्जा' हाडातल्या मज्जेची आठवण करून देते, म्हणून मी 'मेरुरज्जू' पसंत करतो.

खरी अडचण 'प्रवाह' या शब्दात आहे. 'प्र' हा उपसर्ग पुढे जाणे सुचवतो, त्यामुळे प्रवाह म्हटले की डोंगरातून उतरणारा पऱ्या डोळ्यांपुढे येतो, जो एकाच दिशेने वाहतो आणि परत फिरत नाही. मी या तपासणीची चित्रे रोज पाहतो आणि त्यांत पऱ्या कधीच दिसत नाही. रुग्णाच्या बोटाला नाडी टिपणारा चिमटा लावलेला असतो, अनेक ठोक्यांची मोजमापे एकत्र करून एका ठोक्याची हलती चित्रमालिका तयार होते, आणि मानेच्या उभ्या छेदात करड्या मेरुरज्जूच्या पुढे व मागे द्रवाचे दोन पट्टे दिसतात. हृदय आकुंचन पावले की थोड्याच वेळात ते पट्टे पांढरे होतात, म्हणजे द्रव खाली सरकतो, आणि ठोका संपत येतो तसे ते काळे होतात, म्हणजे तोच द्रव वर परततो. (कोणती दिशा पांढरी दाखवायची हे यंत्रागणिक बदलते.) जे स्थिर आहे ते करडेच राहते.

याचे कारण कवटी ताठ आहे. मेंदू, रक्त आणि हा द्रव यांचे एकूण आकारमान तिच्यात जवळजवळ स्थिर राहते, हा विचार स्कॉटिश वैद्य मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि केली यांनी १८२४ मध्ये मांडला. ठोक्यासरशी रक्त आत शिरले की कोणाला तरी जागा द्यावी लागते, म्हणून द्रव कण्यातील लवचीक पिशवीकडे ढकलला जातो. श्वासाचाही त्याच्या गतीवर परिणाम होतो, आणि खोल श्वास आत घेताना तो डोक्याकडे ओढला जातो. मात्र ठोक्यांना जुळवलेल्या चित्रमालिकेत श्वासाचा हा भाग पुसला जातो, त्यासाठी वेगळ्या, जलद चित्रणाची गरज असते.

'रक्ताभिसरण' या शब्दावरून 'द्रवाभिसरण' लिहिणारेही आढळतात, पण त्यातून गोल फिरून येण्याचा भास होतो. शास्त्रीय लेखनासाठी 'दोलन' हा शब्द मला नेमका वाटतो. 'प्रवाह' हा शब्द हद्दपार करण्याचे कारण नाही, कारण तयार होणे आणि शोषले जाणे यांतून घडणाऱ्या निव्वळ वाटचालीला तो शोभतो. भाट्याच्या खाडीत काजळी नदीचे पाणी समुद्राकडे जात असते आणि त्याच वेळी भरती-ओहोटी ते वरखाली हलवीत असते. या दोन्ही गती एकाच पाण्याच्या आहेत आणि दोहोंना वेगळी नावे हवीत.

प्रश्न : मग आत्याला सरळ 'भरती-ओहोटी' म्हणून सांगू का?

उत्तर : उपमा म्हणून खाडी अवश्य सांगावी, पण 'ओहोटी' जपून वापरावी. आपल्याकडे नशिबाला आणि प्रकृतीलाही ओहोटी लागते, आणि ओहोटीलाच कोकणात म्हणतात तसे 'सुकती' म्हटले तर द्रव आटला असेच त्यांना वाटेल. शिवाय खाडीत पाण्याची पातळी चढते-उतरते, तर ही पिशवी सदैव भरलेलीच असते. 'येजा' हा शब्द या दोन्ही अडचणींतून सुटतो.

प्रश्न : अहवालात 'कवटीच्या तळाशी मागील बाजूस प्रवाह कमी' असे आहे. तिथेही 'येजा' चालेल का?

उत्तर : तिथे तर 'येजा'च अधिक नेमकी ठरेल. उदाहरणार्थ, कियारी विकृतीत अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) खालचा भाग कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रात उतरतो आणि मागची वाट अडवतो. उरलेल्या अरुंद वाटेत मात्र द्रवाचा वेग वाढू शकतो, जसे खाडीच्या चिंचोळ्या मुखाशी पाणी जोराने ओढते. म्हणून नुसते 'प्रवाह कमी' न म्हणता 'मागील बाजूची येजा कमी' असे जागेसह सांगावे. आणखी एक सूचना करतो. तपासणीआधी यंत्रात वेगाची कमाल मर्यादा ठरवावी लागते, या द्रवासाठी ती बहुधा सेकंदाला ५ ते १० सेंटिमीटर ठेवतात, आणि खरा वेग तिच्यापलीकडे गेला तर पांढऱ्या पट्ट्यात अचानक काळा ठिपका उमटून दिशा उलटल्यासारखी भासते. त्यामुळे चित्र स्वतः पाहून 'उलटा प्रवाह' असा शब्द आत्याबाईंपुढे उच्चारू नये. अहवालाचा अर्थ आणि पुढील उपचार त्यांच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावेत.