मदत हवी आहे : राफ्टमधून पाण्यात पडलं तर नेमकं काय करायचं?

मीनल_ठाणे (बुधवार, रात्री)
शनिवारी पहाटे ऑफिसची सहल निघतेय आणि माझं नाव परस्पर घातलंय. वय ४६. पाण्याची मनापासून भीती वाटते. कुणालाही विचारलं की एकच उत्तर, "काही होत नाही गं, लाइफ जॅकेट असतं." जॅकेट असतं ते मलाही ठाऊक आहे. पाण्यात पडले तर त्या क्षणी हातपाय कुठे ठेवायचे, श्वासाचं काय करायचं आणि मला बाहेर कोण, कसं काढणार, एवढंच सांगा. "एन्जॉय करा" असं कृपया लिहू नका. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय.

सह्यवेडा
शीर्षकात राफ्ट दिसतेय, पण नदी कुठली? महिना कुठला धरायचा, म्हणजे सहल याच शनिवारी ना? पोहता येतं का? हे कळल्याशिवाय नुसतं हवेत सांगण्यात अर्थ नाही.

देवबागकर
ताई, बनाना राइडही असेल तर आधीच चौकशी करा. ती शेवटी मुद्दाम उलटवतात. बसण्यापूर्वीच चालकाला स्पष्ट सांगायचं, मला पाण्यात पाडायचं नाही. आणि ओहोटीची वेळ बघून जा.

मीनल_ठाणे
समुद्र नाही हो, कोलाड! कुंडलिका. याच शनिवारी. पोहता येत नाही, म्हणून तर विचारतेय.

जलतरण_प्रेमी
माझं ठाम मत आहे की पोहता येत नसेल तर नदीत उतरूच नये. मी स्वतः निवृत्तीनंतर शिकलो. महापालिकेच्या तलावावर महिलांची वेगळी बॅच असते. आधी ती लावा, राफ्टिंग पुढच्या वर्षी.

सह्यवेडा
काका, त्यांना उद्या उत्तर द्यायचंय. आणि तलावातलं पोहणं रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांवरून उसळत जाणाऱ्या पाण्यात, फारसं कामी येत नाही. चांगले पोहणारे सरळ काठाकडे हात मारत सुटतात आणि दमतात. तिथे जॅकेटच तुम्हाला वर ठेवतं.

जलतरण_प्रेमी
हात मारण्याबद्दल मी बोलतच नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर गडबडून न जाण्याची सवय तलावातच लागते. भीती तिथेच मोडते, जॅकेटने मोडत नाही.

नदीकाठी
दोघांचंही बरोबर आहे, पण ताईंचा प्रश्न तसाच राहिलाय. मी काही हंगाम राफ्टवर गाइडचं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जॅकेट. सगळे बकल लागले की कुणाला तरी तुमच्या खांद्यांवरचे दोन्ही पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. श्वास घेता येतोय पण दोन बोटं मुश्किलीने आत जातायत, इतकं घट्ट हवं. लाजून ढिलं घालू नका. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली, आणि तीही घट्ट.

राफ्टमध्ये बाहेरच्या फुगीर कडेवर बसायचं असतं. पाय आतल्या आडव्या फुगवट्याखाली रोवून ठेवा, तुमची खरी पकड तीच. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. लोकांचे दात-ओठ फुटतात ते खडकावर आपटून कमी आणि शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीने जास्त, निदान मी तरी तसंच पाहिलंय. गाइड "गेट डाउन" ओरडला की आत खाली बसून दोरी धरायची.

आता पडलात तर. पहिली एक-दोन सेकंदं डोकं पाण्याखाली जाईल. जाणारच, ते धरून चाला. जॅकेट वर आणतं. वर आल्यावर राफ्ट हाताशी असेल तर तिच्या भोवतीची दोरी पकडा. डोक्यावर राफ्टचा तळ लागला तर दोन्ही हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत राहा, मध्येच दिशा बदलू नका, लगेच बाहेर याल.

राफ्ट लांब गेली तर पाठीवर पडा. पाय प्रवाहाच्या दिशेला, गुडघे थोडे वाकलेले, बुटांची टोकं तुम्हाला पाण्यावर दिसली पाहिजेत. खडक आला तर आधी पाय लागतील, डोकं नाही. लाट तोंडावर येताना तोंड बंद, ओसरली की श्वास.

आणि वाहत्या पाण्यात कधीही उभं राहू नका. कमरेएवढं पाणी दिसलं की घाबरलेला माणूस पाय टेकतोच. पाऊल दोन दगडांत अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे आडवं करून दाबून ठेवतं. पोहता न येण्यापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते. पाणी संथ आणि अगदी उथळ होईपर्यंत पाठीवरच.

गाइडने दोरीची पिशवी (आत लांब दोरी भरलेली असते) तुमच्याकडे फेकली तर पिशवी नाही, दोरी धरा. छातीशी घ्या, पाठीवर वळा, दोरी एका खांद्यावरून जाऊ द्या. हाताला गुंडाळू नका. राफ्टजवळ आलात की गाइड जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून तुम्हाला आत ओढतो. केस नाही, हात नाही, पट्टे. म्हणूनच जॅकेट घट्ट.

मीनल_ठाणे
आज पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं. दोनदा वाचलं. चष्म्याचं काय? आणि ऑफिसवाले म्हणतात सकाळी वरून नदीत पाणी सोडतात, तेव्हाच राफ्ट निघते. पाणी सोडणार म्हणजे नेमकं किती येणार? सकाळीच का जावं लागतं?

पौडकर
हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. तुम्ही ज्या पाण्यावर तरंगणार ते मुळात कोकणातलं नाहीच. ते आमच्या मुळशी धरणाचं, मुळा नदीचं. पूर्वेला जाणारं पाणी टाटांनी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून खाली भिऱ्याला उतरवलं. तिथलं वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज तयार करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, म्हणून उन्हाळ्यातही तिथे राफ्ट चालते. पाणी विजेच्या हिशेबाने सुटतं, राफ्टवाल्यांच्या हातात ते नसतं. याच धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन गेली आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. कोलाडला जाणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावं असं मला वाटतं.

जलतरण_प्रेमी
माहिती मोलाची आहे, पण वेगळा धागा काढा. बाई इथे घाबरून बसल्यात.

पौडकर
त्यांनीच विचारलं, सकाळी का. उत्तर तेच आहे.

नदीकाठी
थोडक्यात, पाणी एका ठरावीक काळापुरतं येतं आणि त्याच्याबरोबर खाली जायचं. कधी सुटायला उशीर होतो, मग काठावर ताटकळावं लागतं. त्यामुळे परतीची घाई ठेवू नका. पावसाळ्यात नदीचं स्वतःचं पाणी त्यात मिसळतं आणि सगळंच बदलतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यातून भीती असताना, पावसाळ्यात जाऊ नये. चष्म्याला मागून घट्ट दोरी बांधा.

रुळांवरून
कोलाड म्हटलं की मला रो-रो आठवते. १९९९ पासून कोकण रेल्वे तिथे मालाने भरलेले ट्रक गाडीवर चढवून गोव्यात वेर्ण्यापर्यंत नेते. वेळ मिळाला तर स्टेशनवर जाऊन नक्की बघा.

अंजूमावशी
मीनल, कपड्यांचं कुणी लिहिलं नाही. जीन्स आणि ओढणी नको. ट्रॅक पँट आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट, साध्या चपला पहिल्या लाटेला जातात. आणि जॅकेट तुटकं असेल तर बदलून माग. आमच्या वेळी माझ्या जाऊबाईंना बकल मोडलेलं जॅकेट दिलं आणि "गाठ मारा" म्हणाले. आम्ही तिथेच अडून बसलो, मग दुसरं निघालं. काही गोळ्या, दुखणं वगैरे नाही ना?

मीनल_ठाणे
बीपीची गोळी चालू आहे. आणि उजवा खांदा गेल्या वर्षी आखडला होता, अजून हात पूर्ण वर जात नाही. त्याने काही फरक पडतो का?

नदीकाठी
पडतो, आणि हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. बीपी आणि खांदा, दोन्हींबद्दल उद्या डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि तिथला फॉर्म भरताना लपवू नका. डॉक्टर हो म्हणाले तर राफ्टच्या उजव्या बाजूला बसा. म्हणजे उजवा हात वल्ह्याच्या खालच्या भागावर राहील आणि वर उचलावा लागेल तो डावा. गाइडला खांद्याचं आधीच सांगा, पट्टे धरून ओढताना त्याला ते माहीत हवं. जागा मधली मागा. पुढच्यांना लाट आधी लागते.

मीनल_ठाणे
डॉक्टरांना सकाळी फोन करते. ते हो म्हणाले तर जाते, नाही म्हणाले तर काठावरून फोटो काढेन आणि ऑफिसला तसं स्पष्ट सांगेन. पण रॅपिड येण्याआधी मला मध्येच उतरावंसं वाटलं तर? उतरवतात का?

नदीकाठी
संथ पट्टा आला की काठाला लावता येते, पण सगळीकडे रस्ता नदीजवळ नाही. निघण्याआधी गाइडला विचारून ठेवा, उतरायची शेवटची जागा कुठली.