सागरी उद्यानातील प्राण्यांची भेट: जादा पैसे सार्थकी लागतात का?

प्रश्न: प्रवेशाच्या तिकिटाखेरीज डॉल्फिनच्या भेटीसाठी माणशी वेगळे शुल्क आहे आणि ते तिकिटाहूनही अधिक आहे. सोबत आठ वर्षांची मुलगी असेल. हा खर्च करावा का?

उत्तर १: जाहिरातीतील वेळेत सूचना आणि पोशाख बदलणेही बऱ्याचदा धरलेले असते, त्यामुळे प्राण्याजवळचा प्रत्यक्ष वेळ, गटातील माणसे आणि वयाची अट आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावी. स्वतःचा कॅमेरा बहुधा नेऊ देत नाहीत, आणि छायाचित्रांचे पैसे निराळे (खिशाला खरी कात्री तिथेच लागते).

उत्तर २: पाकटांच्या (स्टिंगरे या चपट्या माशांच्या) उथळ टाकीत अनेक ठिकाणी प्रवेशाच्या तिकिटातच हात लावता येतो. तळवा सपाट ठेवून पाठीवरून हलकेच फिरवला, की तो बुळबुळीत, मऊ स्पर्श मुले विसरत नाहीत. माझ्या मते आठ वर्षांच्या मुलीला तेवढे पुरे.

उत्तर ३: डॉल्फिनचा हसरा चेहरा ही केवळ जबड्याची ठेवण असते, त्यावरून तो आनंदी आहे असे मानता येत नाही. लोकमताच्या रेट्यानंतर सीवर्ल्ड या अमेरिकी सागरी उद्यानांच्या कंपनीने २०१६ मध्ये ओर्कांचे (डॉल्फिनच्याच कुळातील ‘किलर व्हेल’चे) प्रजनन थांबवल्याचे जाहीर केले होते. प्राण्याला माणसांपासून दूर जाण्याची मुभा आहे का, एवढे अवश्य विचारावे. उत्तर टाळले गेले, तर पैसे वाचवावेत.