मदत हवी आहे: विमानातून पडलेल्या बेसीची गोष्ट मुलीला कशी संपवू?

लेक आठ वर्षांची आहे, सोसायटीतल्या घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर गेली की दांडा घट्ट धरून रडते, म्हणून रोज रात्री तिला अमेरिकन वैमानिक बेसी कोलमनची गोष्ट रचून सांगतेय. टेक्सासमधली गरीब काळी मुलगी, आई लोकांचे कपडे धुवायची, ही कापूस वेचायची, मग शिकागोत नखं रंगवायचं काम. अमेरिकेत कुठलीच फ्लाइंग स्कूल घेईना तर बाई चक्क फ्रेंच शिकली आणि फ्रान्सला गेली! तिथे सोबतचा एक विद्यार्थी अपघातात गेलेला डोळ्यांनी बघितला, तरी शिकणं सोडलं नाही, 1921 मध्ये लायसन्स. हा भाग लेकीला फार आवडतो, "मग तिला भीती नाही वाटली?" असं दहादा विचारते. मग परत येऊन जुन्या जेनी विमानातून गोल गिरक्या, आणि काळ्या-गोऱ्यांना वेगळं गेट असेल तर शो करणारच नाही म्हणायची.

आता अडलंय असं की 1926 मध्ये जॅक्सनव्हिलला सरावाच्या वेळी ती विमानातून पडून वारली. खाली वाकून मैदान बघायचं म्हणून पट्टा लावला नव्हता, आणि कंट्रोलमध्ये पाना अडकला होता म्हणे. हे सांगू का? नाही सांगितलं तर खोटं, सांगितलं तर घसरगुंडी कायमची बंद 😅

आणि विंग वॉकिंगला, म्हणजे उडत्या विमानाच्या पंखावर चालायच्या कसरतीला, मराठीत काय म्हणू? "पंखावर चालणं" म्हटलं तर ती म्हणते, कोणत्या पक्ष्याच्या?