भर पावसाळ्यात गरम देशात जाताना पायात काय?

चांदणचुरा :
भाची ऑगस्टात व्हिएतनाम-कंबोडियाला निघाली आहे. काल तिने उघड्या बॅगेचा फोटो पाठवला, वरच पांढरेशुभ्र नवेकोरे स्नीकर्स. ते बघितलं आणि ता प्रोमच्या आवारात (झाडांची मुळं देवळावर चढली आहेत ते) एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बुटाचा सोल घेऊन उभा असलेला नवरा डोळ्यांसमोर आला.

भारीतले ट्रेकिंगचे बूट. हौसेने घेतलेले, मग वर्षानुवर्षं खोक्यात जपून ठेवलेले. सियाम रीपला सकाळी ऊन, दुपारी धो धो, परत ऊन. उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला. थोड्या वेळाने डावाही. मधला फोम हाताला भुगा लागत होता. परत आल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी सांगितलं, हे पॉलियुरेथेनचे सोल न वापरताही दमट हवेने आतून कुजतात, बूट वरून नवा दिसतो. नाड्यांनी सोल बांधून गडी टुकटुकपर्यंत आला. संध्याकाळी बाजारात रबरी चपला घेतल्या आणि अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या भागाचा तो उभा जिनासुद्धा त्यांच्यावरच चढला!

तुम्ही अशा ठिकाणी काय नेलंत, काय तिथेच टाकून आलात, लिहा. भाचीला वाचायला देणार आहे, माझं ऐकत नाही.

मी_मुलुंडकर :
सोलचं अगदी अगदी!! माझे हरिश्चंद्रगडावर गेले होते, ते पण उतरताना. आता जुने बूट न्यायच्या आधी वाकवून बघते आणि सोल अंगठ्याने दाबते. भेग दिसली की बाद.

रानभूल :
श्रीलंका. अनुराधापुरा. रुवनवेलिसाया स्तूपाभोवतीची फरशी, चपला बाहेर, वेळ दुपारची. पुढचं सांगायला हवं का. तिथली माणसं सकाळी नाहीतर संध्याकाळी येतात, भर उन्हात नाचणारे फक्त आम्ही पर्यटक. जाड मोजे घातलेले चालतात तिथे, ते न्या. पण पाऊस पडून गेलेला असेल तर तेच मोजे चिंब होतात, म्हणून बॅगेत आणखी एक जोड. दंबुल्लाच्या गुहा, कँडीचं दंतमंदिर, सगळीकडे काढा-घाला-काढा-घाला. नाडीचे बूट घालणाऱ्यासाठी अख्खा ग्रुप थांबतो आणि मग त्याला बोलणी बसतात. सिगिरियाला मात्र साधारण १२०० पायऱ्या आहेत, तिथे मागे पट्टा असलेली सँडलच हवी, फटक फटक स्लीपर नको.

दादाचा_वाडा :
म्यानमारला मोजे पण चालत नाहीत. श्वेडगोन पॅगोडाला पूर्ण अनवाणी. संगमरवर आणि वरून पाऊस, मी हिच्या दंडाला धरून प्रदक्षिणा घातली. लग्नात पण एवढा घट्ट हात धरला नव्हता.

मी_मुलुंडकर :
😂😂 वहिनींना वाचायला द्या हे

काकू_ऑन_व्हील्स :
क्रॉक्स. विषय संपला.

औषधवाली :
दुकानात गर्दी आहे, पटकन लिहिते. बूट की चपला हा वाद नंतर घाला, आधी बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. पावसाळी देशातून परत येणारे निम्मे लोक चिखल्या घेऊन माझ्या काउंटरवर. रात्री पाय पुसून बुरशीची पावडर, ओले मोजे सकाळी परत चढवायचे नाहीत. डायबेटिस असेल तर गरम फरशीवर अनवाणी जाऊ नका, संवेदना कमी झालेली असू शकते, चटका कळत नाही आणि फोड दिसतो तो हॉटेलवर. आणि पायाला खरचटलेलं असताना तुंबलेल्या पाण्यातून चालू नका. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे (घाण पाण्यातून होणारा तो ताप) किती पेशंट झाले आठवतंय ना. चालावंच लागलं आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरला पाण्यातून गेल्याचं आपणहून सांगा.

चांदणचुरा :
@औषधवाली हे सोन्यासारखं. भाचीला स्क्रीनशॉट गेला.

ढगातला_पाय :
वॉटरप्रूफ बुटांवर पैसे घालवू नका रे. गुडघाभर पाण्यात वरून पाणी आत गेलं की बाहेर यायला वाट नाही, दिवसभर पचक पचक. शिवाय उकाड्यात आतून घामाने भिजतात ते वेगळंच. जाळीचे बूट लगेच भिजतात, पण पंख्याखाली रात्रीत बऱ्यापैकी वाळतात. पकड बघा, किंमत नको. सह्याद्रीत पावसात निम्मी जनता स्वस्तातल्या गोल्डस्टार बुटांवर फिरते ती उगाच नाही. शेवाळलेल्या दगडावर मात्र कुठलाच बूट देव नाही, तिथे बसून उतरायचं.
जंगलात जाणार असाल (श्रीलंकेतलं सिंहराजा वगैरे) तर जळवांचे मोजे वेगळे मिळतात, पँटच्या वरून गुडघ्यापर्यंत बांधायचे. सँडलवाल्यांना जळवा फार प्रेमाने भेटतात.

मी_मुलुंडकर :
@काकू_ऑन_व्हील्स क्रॉक्सवर सरकत्या जिन्यावर जपून हां. मऊ रबर कडेच्या फटीत ओढलं जातं, लहान मुलांचं तर फारच.

काकू_ऑन_व्हील्स :
मी सरकता जिना घेतच नाही. गुडघे ठणठणीत आहेत 😎

सिंगापूरी_भाकरी :
इथे बारा महिने पाऊस आणि बारा महिने घाम, त्यामुळे तुमचा "पावसाळी ट्रिप" हा आमचा सोमवार. आईने हौसेने कोल्हापुरी दिल्या, शू-रॅकमध्ये ठेवल्या आणि विसरलो. काढल्या तर हिरवी बुरशी. आता हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. भिजल्या तर उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत पंख्याखाली. फक्त गणपतीला काढतो, तेही आभाळ बघून, टॅक्सीने.

पंचगंगा :
कापशी प्रकारातल्या का हो?

सिंगापूरी_भाकरी :
कापशीच! करकर वाजणारी. चप्पल लाईनीत बाबांनी अर्धा तास घासाघीस करून घेतलेली.

पंचगंगा :
अर्ध्या तासात सुटले म्हणजे नशीबवान. येताना तांबडा-पांढरा हाणला का नाही?

सिंगापूरी_भाकरी :
विचारताय काय! सकाळी ११ वाजता. आता इथे ऑफिसात बसून भूक लागली ना राव.

तिसरी_घंटा :
इंडोनेशियात बोरोबुदुरच्या स्तूपाला तर हा प्रश्नच नाही. वर चढायचं असेल तर आपले बूट खालीच काढायचे, ते उपानत नावाच्या विणलेल्या सँडल देतात, दगडांची झीज होऊ नये म्हणून. मी फोटोसाठी ड्रेसला मॅचिंग सँडल नेल्या होत्या, त्या पिशवीत बसून राहिल्या. माझ्यासकट सगळ्यांच्या पायात तेच.

चांदणचुरा :
भाचीचा निरोप आला : "मावशी, रबरी चपला फोटोत घाण दिसतात."

दादाचा_वाडा :
पांढरे बूट पहिल्या रिक्षाच्या फवाऱ्यानंतर कसे दिसतात ते विचारा तिला.

ढगातला_पाय :
नवे असतील तर निदान आत्तापासून घरात, बाजारात घालून फिरव म्हणावं. ओल्या पायाला नवा बूट लागला की टाच सोलवटते, मग चालणं पण गेलं आणि फोटो पण गेले.

तुळशीबागवाली :
अवांतर विचारते, व्हिएतनामला शाकाहारी मिळतं का? दिवाळीत जातोय, सासूबाई बरोबर. पावसाचं पण सांगा.

रानभूल :
मिळतं. "चाय" लिहिलेली पाटी शोधा (पिण्याचा नव्हे). अमावस्या-पौर्णिमेला तिथले बरेच जण शाकाहार पाळतात, तेव्हा तर सोपंच. पण साध्या भाजीत पण फिश सॉस असतो, आधी विचारा. दिवाळीत मध्य भागात, होई अनला वगैरे पावसाचे दिवस असतात, पूर पण येतो. सासूबाईंना मागे पट्टावाली सँडल घ्या.

तुळशीबागवाली :
सँडल घेतल्यात, पण त्यांना साडीवर ते "पुरुषी" वाटतं. फिश सॉसचं त्यांना नाहीच सांगितलं तर?

काकू_ऑन_व्हील्स :
अगं नको!! मी केलंय हे बँकॉकला. सासूबाईंना कळलं, दिवसभर केळी आणि चिवड्यावर राहिल्या मग. चिवडा जास्तच घे.

तुळशीबागवाली :
पातळ पोह्यांचा की भाजक्या?